मी न उचललेला हात

अमरावतीच्या शाळेत मी मुलींना खेळ शिकवले आणि रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुणांना उपासनेआधी पाच-सात मिनिटांचा विचार सांगितला. दोन्ही कामं बरोबरच सुरू झाली. शाळेतून मी निवृत्त झाले, रविवारचं चालूच आहे. पवित्र शास्त्रातला एक मुद्दा घ्यायचा आणि रोजच्या ओळखीच्या गोष्टीतून तो समजवायचा, ही माझी पद्धत. बाळापूरच्या किल्ल्यावर सहल नेली की त्या रुंद तटावरून मी विश्वासाच्या पायावर बोलायचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा शेकतात, त्यावरून आपलं ओझं वाहणाऱ्याचे उपकार आठवायचे. पण मुलं पुन्हा पुन्हा मागायची ती माझी खो-खोची गोष्ट.

गोष्ट अशी. मी कॉलेजात असताना अकोल्याला अंतिम सामना होता. शेवटची दोन मिनिटं उरली होती. मी पळत होते आणि समोरच्या संघातली एक मुलगी माझ्या मागे होती. तिची बोटं माझ्या पाठीला लागली. पंचांना दिसलं नाही. मी आपणहून हात वर केला, बाद झाले म्हणाले आणि बाहेर गेले. आम्ही हरलो, पण मन शांत होतं.

बोटं लागली, एवढंच त्यात खरं. हात मी वर केलाच नाही. ती मुलगी "लागलं, लागलं" ओरडली. पंचांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवून नाही म्हटलं. आम्ही जिंकलो.

हे खोटं एका दिवसात जमलं नाही. पहिल्यांदा सांगताना मी "एक खेळाडू होती" असं म्हटलं होतं. कुणीतरी विचारलं, "मॅडम, ती तुम्हीच ना?" मी नुसती हसले. पुढच्या वेळी "एक खेळाडू"च्या जागी "मी" आलं आणि मलाही ते खटकलं नाही.

गेल्या वर्षी अकोल्याच्या एका मंडळीनं हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या उपासनेला, मला बोलावलं. वेदीसमोर भोपळे, संत्री, ज्वारीची कणसं मांडली होती. दाराला झेंडूची तोरणं बांधणं अजून चालूच होतं. मी तीच गोष्ट सांगितली. उपासना संपल्यावर मागच्या नळावर हात धुवायला गेले, तर तोरणं बांधणारी बाई तिथे उभी होती. माझ्याच वयाची, बोटं झेंडूनं पिवळी झालेली.

"मॅडम, मले वळखलं नाई तुमी?"

"नाही हो."

"तुमच्या मागं मीच पळत होती."

नळ तसाच वाहत राहिला. तिनंच तो बंद केला.

"तुमी हात वर केल्याचं मले तं काही दिसलं नाई," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. "आमच्या सरायनं सगळ्यायसमोर मले खोटारडी म्हटलं. उगाच ओरडली म्हणे. माह्यी मोठी बहीण त्याच संघात होती. आता ती माह्यी जाऊ आहे, एकाच घरात राहतो आमी. अजून म्हणते, हिचं काही खरं समजू नका."

मी माफी मागायला लागले. तिनं मधेच थांबवलं. "मले नका सांगू, मले माहीत आहे काय झालं ते. माह्या बहिणीले सांगा." बाळापूरजवळचं आपलं शेत कुठे ते आणि फोन नंबर सांगून ती गाडीवर रिकाम्या टोपल्या चढवायला निघून गेली.

अमरावतीला परतताना बसमध्ये मला एका जागी बसवेना. इतकी वर्षं मी त्याला मैदानावरची चूक समजत होते. खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा मी कितीदा शिकवली असेल! माझ्या साक्षीनं एक मुलगी खोटी ठरली होती, हे मात्र कधी डोक्यात आलं नाही.

आठवडाभर हातात घेतलेलं काम पुरं होईना. आमच्या चर्चच्या पाळकांना सांगितलं. ते म्हणाले, "गोष्टीतून मुलांचं भलं झालं ना? मग आता कशाला उकरून काढता?" अर्धा दिवस बरं वाटलं, मग दुप्पट तगमग. रविवारी मी उभी राहिले आणि खरं काय ते सांगून टाकलं. मग एक बाई रडल्या, दोघांनी माझे हात धरले. संध्याकाळपर्यंत माझं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागलं, खाली 'सुंदर साक्ष', 'किती हे धैर्य' असं लिहिलेलं. खोटं बोलून टाळ्या मिळाल्या होत्या, खरं बोलूनही मिळाल्या. फोन उलटा ठेवला. जिथे जायला हवं होतं तिथे मी अजून गेलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाळापूर गाठलं. दोघी बहिणी झेंडू तोडत होत्या. मी बांधावर उभी राहून थोरलीला म्हणाले, "ताई, त्या सामन्यात तुमच्या बहिणीचा हात मला लागला होता. खोटं मी बोलले. ती नाही."

थोरलीनं माझ्याकडे पाहिलं नाही. चार-पाच फुलं तोडली, टोपलीत टाकली. मग खाली बघतच म्हणाली, "मले माहीत आहे."

"काय माहीत आहे?" धाकटी वळली.

"मी खो घ्याले बाजूलेच बसली होती न. मले दिसलं होतं. सरायनं इचारलं, तू पाह्यलं का? ते लय चिडले होते. मी म्हटलं, नाई."

"मंग इतके वर्ष मले काहून चिडवून राहिली?"

पदरानं तोंड पुसून थोरली दुसऱ्या वाफ्याकडे गेली. धाकटी टोपली तिथेच टाकून विहिरीच्या बाजूनं चालत सुटली. चहाचं कुणी विचारलं नाही. मला वाटलं, खरं सांगून मी यांचं घर मोडलं की काय. देवाला विचारलं, उत्तर मिळालं नाही. मी पायी रस्त्यावर आले आणि बस मिळेपर्यंत येरझारा घालत राहिले.

दहा-बारा दिवसांनी धाकटीला फोन केला. "आठ-दहा दिवस आमी बोललोच नाई," ती म्हणाली. "मंग काल पंगतीत कोणी तरी मले म्हटलं, तुही बहीण म्हणते तुह्यं काही खरं नसते. तं तीच मधात बोलली, तिचं खरं होतं, माह्यं खोटं होतं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाई. तिले वाढलं अजून थोडं."

रविवारच्या मुलांनी खो-खोची ही खरी गोष्ट तीन-चारदा मागितली आहे. अजून मी ती सांगितलेली नाही. शेवटी मुद्दा काय सांगायचा, ते मला ठरवता येत नाही.