माठाखालचा पत्रा

त्या दिवशी दौलतमामा बोटीखाली गेले. मी आत खडू घेऊन बसले होते. त्यांनी खालून पत्रा ठोकला. मी आवाज ऐकला आणि त्या जागी फुली मारली. महिन्याने बोट बंद झाली.

दौलत खिल्लारे हे धरणावरच्या मोटारबोटीचे चालक. औंढ्याहून सुटलेली एस.टी. धरणाच्या कॉलनीपाशी थांबायची. तिथून पाण्यापर्यंत दहा मिनिटं चालत जावं लागे. माझी शाळा पलीकडच्या काठावरच्या गावात होती. रस्त्याने गेलं तर पाण्याला वळसा घालण्यात अर्धा दिवस जायचा. पाटबंधारे खात्याची बोट रोज सकाळी पाण्याची पातळी बघायला निघे, तीच आम्हाला पलीकडे सोडी आणि संध्याकाळी परत आणी. आम्ही म्हणजे मी आणि अलीकडच्या तांड्यावरची शाळेत येणारी मुलं. तेव्हा आमचा जिल्हा अजून परभणीच होता. मी तिशीत होते आणि औंढ्यात एका खोलीत एकटी राहत होते.

पहिल्या दिवशी मी काठावर पोचले तेव्हा बोट होती, पण माणूस नव्हता. कठड्यावर धोतर वाळत होतं. डालड्याच्या डब्यात मेथी उगवली होती. इतक्यात बोटीच्या कडेला पाण्यातून एक हात वर आला. हातात खुरपं होतं. मागोमाग डोकं आलं.

"नव्या बाई का? बसा वर. बोट निंदून राहिलो," असं म्हणून ते डोकं पुन्हा खाली गेलं.

निंदणं, शेतातलं तण काढतात तसं, हाच त्यांचा शब्द होता. गोड्या पाण्यातही बोटीच्या तळाला शेवाळ धरतं, बारीक शिंपले चिकटतात, मग बोट जड होते आणि डिझेल जास्त खाते. बोट काठावर ओढून घ्यायचा रहाट कधीच मोडला होता आणि त्याची तार कुणीतरी नेली होती. म्हणून मामा वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर पाणी निवळलं की आणि पुन्हा उन्हाळ्याच्या तोंडाशी, स्वतः खाली जाऊन तळ खरवडत. आधी अंगाला करडईचं तेल चोळायचे. कानात तेलाचे बोळे घालायचे. बोटीच्या पोटाखालून एक दोर या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणून बांधलेला असे. त्याला एका हाताने धरून, श्वास कोंडून, दुसऱ्या हाताने खुरपं चालवायचं. दम संपला की वर.

"खाली काही दिसतं का मामा?" मी एकदा विचारलं.

"काय दिसतंय? माती माती हाय सगळी. डोळे मिटूनच घेतो मी. हाताला कळतं बराबर."

बोट त्यांच्याबरोबर म्हातारी होत होती. धरण बांधायच्या वेळी ती ट्रकवरून आली होती आणि तिच्याबरोबर रत्नागिरीकडचा एक खलाशी आला होता. मामा तेव्हा मातीकामावर मजूर होते. त्या खलाशाने त्यांना इंजिन शिकवलं, पोहायला शिकवलं, तळ खरवडायला शिकवलं, आणि दोन वर्षांनी तो आपल्या गावी निघून गेला. खात्याने मामांना कॉलनीत खोली दिली होती. लग्नानंतर चौथ्या वर्षी त्यांची बायको तापाने गेली. पुढे बोटीवरच्या रात्रपाळीच्या चौकीदाराची बदली झाली आणि त्या जागी कुणी आलंच नाही. बोटीवर कुणीतरी हवं म्हणून मामा काही दिवस तिथे झोपायला लागले. ते काही दिवस वीस वर्षं चालले. केबिनच्या एका बाजूला फळी, तिच्यावर अंथरूण. एक पेटी, एक स्टोव्ह, कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती, आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ. चहा बिनदुधाचा.

मतदारयादीवाले आले तेव्हा मी बोटीवरच होते.

"घर नंबर?" त्यांच्यातल्या एकाने विचारलं.

"आता इथं हाय. दुपारी पलीकडं ऱ्हाईल."

"अहो मामा, काहीतरी लिहावं लागतं."

"मंग लिवा, पाण्यावर." आणि मामा इंजिनाकडे वळले. शेवटी त्या माणसाने शाळेचा पत्ता घातला. मामांची पत्रंही शाळेतच यायची. वर्षाला एक यायचं, हट्टा गावच्या पुतण्याचं. ते मी वाचून दाखवत असे. मामांना सही येत होती, वाचता येत नव्हतं.

जाता येता पाऊण तास मिळे. मी पुस्तक वाचायची. अर्धं पाणी ओलांडलं की मामा विचारायचे, "आज काय निघालं पुस्तकात?" मी दोन वाक्यांत सांगायची. ते ऐकून घ्यायचे आणि काठ येईपर्यंत काही बोलायचे नाहीत. उतरताना एखादा निकाल द्यायचे. "त्या भावानं आधीच बोलायला पायजे व्हतं," किंवा "लई रडतंय ते माणूस, पुढचं घ्या." मला दिवसभरात शाळेबाहेर कुणी काही विचारत नसे. हा एवढाच एक प्रश्न.

एकदा मधोमध बोट थांबली. पंख्यात कुणाचं तरी जाळं गुंतलं होतं. मामा खाली गेले. कापलं असतं तर पाच मिनिटांत मोकळं झालं असतं. ते सात वेळा खाली गेले आणि एकेक फास सोडवत बसले. मुलं कंटाळली, मला शाळेला उशीर झाला, मी थोडी चिडून म्हटलं, "मामा, कापा ना."

ते कठड्याला धरून धापा टाकत होते. "जाळं नवंय बाई. नवा वास येऊन राहिला अजून." आणि ते आठव्यांदा खाली गेले.

वर्षातून एकदा कार्यालयातून साहेब यायचे. बोट चालवण्याजोगी आहे असा दाखला लागायचा. साहेब काठावर जीपमध्येच बसून विचारत, "खिल्लारे, तळ कसा आहे?" मामा म्हणत, "बराबर हाय साहेब." साहेब लिहीत, समाधानकारक. वाळत घातलेलं धोतर आणि मेथीचा डबा त्यांना दिसत नसे. बोटीचा तळ मामांखेरीज कुणी पाहिलेला नव्हता, आणि तसं म्हटलं तर मामांनीही पाहिलेला नव्हता.

दाखल्याच्या आधी ते पत्रा ठोकून बघत. त्यासाठी आत कुणीतरी लागे. आधी कॉलनीतला एक गडी यायचा, तो गेल्यावर त्यांनी मला विचारलं. रविवारी मी येत असे. केबिनमधल्या फळ्या उचलून ठेवायच्या, म्हणजे खालचा पत्रा उघडा होतो. मामा खालून छोट्या हातोडीने ठोकत पुढे सरकत. चांगल्या पत्र्याचा आवाज ताटासारखा येतो. पातळ झालेला पत्रा ओल्या लाकडासारखा वाजतो. चांगल्याला गोल, वाईटाला फुली. मी चार वर्षं नुसते गोल काढले होते.

आमचा जिल्हा परभणीपासून वेगळा झाला त्याच्या आदल्या वर्षी मी फुली मारली. कोपऱ्यात, माठ हलवला होता तिथे.

मामा वर आले. अंगावरून पाणी गळत असतानाच आत आले, फुलीकडे बघितलं आणि खुरप्याने त्या जागी आतून खरवडलं. लोखंडाचे पापुद्रे निघाले, एकाखाली एक. ते मांडी घालून खाली बसले.

"वरून कधी बघितलंच न्हाई मी," ते म्हणाले. "सगळी वर्षं खालनं घासत ऱ्हायलो."

माठ पाझरत होता. वीस वर्षं तो त्याच कोपऱ्यात पाझरत होता. बाहेरून पत्र्याला एक शिंपला त्यांनी राहू दिला नव्हता, आणि आतून त्यांच्या पिण्याच्या पाण्याने तो खाल्ला होता.

मी विचारलं, काही लावून चालणार नाही का. एकदा त्यांनी कपड्याच्या साबणाने गळती बुजवलेली मला माहीत होती. "साबणानं भोक बुजतं," ते म्हणाले. "हा तर हातभर गेलाय." जोड द्यायचा तर बोट बाहेर काढायला हवी, आणि रहाट नव्हता. बोट जुनी होती. फुलीचा अर्थ आम्हा दोघांनाही कळत होता. खातं ती दुरुस्त करणार नव्हतं. ते ती मोडीत काढणार होतं.

मग मी जे म्हटलं ते इथे लिहिते, कारण ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "मामा, पुसून टाकू का? अजून वर्षभर काही होत नाही. तुमची नोकरीची दोनच वर्षं राहिलीत."

मला त्यांचं घर जाऊ नये असं वाटत होतं. पण तेवढंच नव्हतं. मला माझा पाऊण तासही जायला नको होता.

त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं नाही. ते हिशेब केल्यासारखं बोलले. "अकरा लेकरं हायेत तांड्याची. पोहायला येतं दोघातिघांना. पोरींना तर कुणालाच न्हाई. तुमाला येतं का?"

"नाही."

"मंग कागद काढा."

मी वहीचा कागद काढला. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. कुठला पत्रा, किती लांब, किती रुंद. आवाज कसा. शेवटी ते म्हणाले, "आता लिवा, माठामुळं झालं."

मी पेन थांबवलं. बोटीवर राहायची त्यांना लेखी परवानगी नव्हती. माठ लिहिला की राहणं आलं. "हे कशाला, मामा? गंज लागला एवढं पुरे आहे."

"मंग पुढच्या बोटीवरचा माणूस बी माठ तिथंच ठेवील."

मी लिहिलं. त्यांनी सही केली. पुढच्या आठवड्यात साहेब आले, जीपमधून उतरले, कागद वाचला. "खिल्लारे, दरवर्षीसारखं लिहू या ना. मी बघतो वरती." साहेब चांगले होते. ते खरंच मामांच्या बाजूने बोलत होते. मामा म्हणाले, "साहेब, तुमी आत येऊन हात लावून बघा." साहेब आत गेले आणि थोड्या वेळाने बाहेर आले. कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

बोट बंद झाली. मामांना विनापरवाना राहिल्याबद्दल मेमो आला आणि उरलेली नोकरी त्यांनी कॉलनीच्या फाटकावर काढली. पण खरी गोष्ट तांड्यावर झाली. मुलांची शाळा बंद पडली. आठ मुलं पुढे औंढ्याला नातेवाइकांकडे किंवा आश्रमशाळेत गेली. तीन मुलींना घरच्यांनी पाठवलं नाही. त्यात सुमन राठोड होती, जी माझ्याआधी पुस्तक संपवायची.

तांड्याचे नायक, म्हणजे तिथले मुखिया, फाटकावर आले तेव्हा मी तिथे एस.टी.ची वाट बघत होते.

"दौलतभाऊ, पाणी आत येऊन राहिलं व्हतं का?"

"न्हाई."

"बोट बुडली व्हती का कधी?"

"न्हाई."

"मंग तुमाला काय तकलीफ व्हती? आमच्या पोरी घरी बसल्या. तुमी काहून सांगितलं?"

मामा फाटकाची कडी लावत होते. त्यांनी ती लावून घेतली. "येणार व्हतं पाणी," ते म्हणाले. नायकांनी नकारार्थी मान हलवली आणि ते गेले. त्यानंतर तांड्यावरचे लोक मामांशी फारसं बोलत नसत.

पुढच्या उन्हाळ्यात भंगारवाल्यांनी गॅसच्या कटरने बोट काठाशीच कापली. मामांनी त्यांच्याकडून एक तुकडा मागून घेतला आणि फडक्यात बांधून मला आणून दाखवला. मी अंगठ्याने दाबला. तो वहीच्या पुठ्ठ्यासारखा वाकला. मी म्हटलं, हा नायकांना दाखवा. ते म्हणाले, "दाखवून काय? पोरींची शाळा सुरू व्हणार हाय का?" तो तुकडा त्यांनी काय केला मला माहीत नाही.

मी बदली मागून औंढ्याच्या शाळेत आले. निवृत्त झाल्यावर मामा हट्ट्याला पुतण्याकडे गेले. मी वर्षातून एकदा तिकडे जायची. पुतण्याचं घर चांगलं होतं. मामा अंगणात बाजेवर बसलेले असत. चहा आता दुधाचा. "घर हालत न्हाई बाई," ते म्हणायचे. "निजलं की वाटतं, बोट टेकली कुठंतरी." मग ते तांड्यावरच्या मुलांची एकेक करून चौकशी करायचे. अकराही नावं त्यांना पाठ होती. सुमनचं नाव आलं की मी सांगायची, बरी आहे. ते पुढचं नाव घ्यायचे.

पुस्तकाचं ते पुन्हा कधी विचारत नव्हते. एकदा मीच सांगायला लागले. त्यांनी ऐकलं, पण निकाल दिला नाही.

ते गेल्याचं मला आठ दिवसांनी कळलं. मी हट्ट्याला गेले. पुतण्याच्या बायकोने पाणी दिलं. ती म्हणाली, "लई कमी बोलायचे. सकाळी उठून स्टँडवर जाऊन बसायचे. कोणाची वाट बघता म्हणून इचारलं तर म्हणायचे, कोण चढलं, कोण उतरलं, ते बघतो." थोड्या वेळाने तिने विचारलं, "बाई, तुमी त्यांच्या कोण?"

मी म्हटलं, मी त्यांच्या बोटीने जायची.

पलीकडच्या गावाला आता डांबरी रस्ता आहे. मी निवृत्त झाले आहे आणि अजून औंढ्यातच राहते. त्या अकरा मुलांपैकी एक जण कंडक्टर आहे, एक नर्स आहे, चौघं पुण्याकडे कामाला आहेत, दोघं शेती करतात. ज्या तिघींची शाळा सुटली त्यांची लग्नं झाली. सुमन दर वर्षी ऊसतोडीला जाते आणि येताना माझ्याकडे एकदा थांबते. बोटीबद्दल तिने मला कधी काही विचारलेलं नाही. अकराही जण जिवंत आहेत.