रंगुबाईंचा पहारा

आमच्या सोनईत रंगुबाईंना ओळखत नाही असं माणूस सापडायचं नाही, आणि त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलंय असंही. सकाळी तुळशीला पाणी घालता घालता त्या कुंपणापलीकडून सुरू होतात, ते माझी देवपूजा होऊन, भाकऱ्या थापून, धुणं दोरीवर गेलं तरी चालूच. नवरा लवकर गेला. दोन म्हशींच्या जिवावर एकटीनं मुलाला, करणला वाढवलं, त्याला मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं दुकान टाकून दिलं. "मी गप्प बसनारी आसते तर लोकांनी मला उभ्यानं गिळली आसती," असं त्या स्वतःच सांगतात.

त्यांची सून राजनंदिनी मिरजगावची. ती अगदी उलट, बोलणं मोजकं. नगरला फिजिक्समध्ये एमएस्सी केली, इथल्या कॉलेजात तासांवर शिकवते. पण तिचा जीव अडकलाय विश्वाच्या शास्त्रात. जग कसं सुरू झालं, आकाशगंगा कशा जमत गेल्या, ते सगळं. बंगळूरच्या शास्त्रज्ञांची व्याख्यानं हल्ली मोबाईलवर फुकट ऐकता येतात; कानात वायर घालून ती भांडी घासताना ऐकायची. एका उन्हाळ्यात पुण्याच्या संशोधन संस्थेनं विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी शाळा घेतली, तिथंही जाऊन राहिली. बायका नाकं मुरडायच्या. रंगुबाई त्यांना म्हणायच्या, "लोकाच्या सुना उन्हाळ्यात म्हायेरी जात्यात, आमची आभाळात गेलीया. तुमच्या पोटात का दुखतंय?"

विज्ञान दिनाला नंदिनीनं आम्हा भजनी मंडळाच्या बायकांना टेम्पोनं खोडदला नेलं होतं. तिथं रानात जाळीच्या प्रचंड ताटल्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडतात. आत जाण्याआधी सगळ्यांना मोबाईल बंद करायला लावले.

"आन् माजं तोंड?" रंगुबाईंनी विचारलं.

"ते राहू द्या आत्या. तुमची लहर त्या ताटल्यांना झेपायची नाही," नंदिनी म्हणाली. टेम्पोभर बायका हसल्या. रंगुबाई सगळ्यात जास्त.

परतताना नंदिनीनं आम्हाला तिच्या अभ्यासाचं सांगितलं. अतिप्रचंड कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरतात तेव्हा अवकाशच ताणतं आणि आकसतं. त्याच्या लाटा सगळ्या विश्वातून जातात. अशा कितीतरी लाटा मिळून एक संथ घरघर कायम चालू असते. आपल्या कानाला ती ऐकू येत नाही. पण काही तारे असे आहेत की त्यांचे ठोके मृदंगापेक्षा नेमके येतात. ते ठोके वर्षानुवर्षं टिपत राहायचे. लाट मधून गेली की ठोका जरासा लवकर येतो, नाहीतर जरासा उशिरा. आपल्या देशातले आणि परदेशातले लोक मिळून हे करतायत, आणि त्या घरघरीच्या खुणा आता मिळायला लागल्यात.

"पन ठोका त्या ताऱ्याचाच चुकला आसंल तर? लाटंवर कशापाई आळ घ्यायचा?" रंगुबाई म्हणाल्या.

नंदिनी सीटवरून वळून बसली. "आत्या, मंडपात टाळकरी लांब लांब बसलेत असं समजा. एकाचाच टाळ चुकला, तर तो दमला. सगळ्यांचे अगदी एकसारखे चुकले, तर आपलं घड्याळ चुकलं. पण शेजारशेजारचे सारखे चुकतात, अन् त्यांच्या काटकोनात बसलेले उलट चुकतात, तर मग खालचं जाजमच कुणीतरी ताणलेलं असतं. हे एका बाजूनं ताणलं की दुसऱ्या बाजूनं आकसतं."

आळेफाट्याला चहाला उतरताना रंगुबाईंनी माझा हात धरला. मग मला हळूच म्हणाल्या, "ह्या पोरीच्या तोंडावर हे बोलताना कसा उजेड पडतो, बघितलं का?"

तो उजेड मालवायची वेळ आली होती. पीएचडीच्या प्रवेशाची मुलाखत नंदिनीनं आदल्या वर्षी दिली होती, पण घाबरून अडखळली आणि राहिली. यंदा लेखी परीक्षा पुन्हा पास झाली, मुलाखतीचं बोलावणं आलं. घरूनच मोबाईलवर द्यायची होती. पण तिनं सासूला सांगून ठेवलं, "आत्या, यंदा नाही झालं तर पुस्तकं माळ्यावर टाकते. किती दिवस तुमच्या गुडघ्यांवर घर चालवू?"

रंगुबाईंचे गुडघे गेलेत. डॉक्टरांनी वाट्या बदलायला सांगितल्यात. थोडा वेळ उभ्या राहिल्या तरी भिंत धरतात.

मुलाखत नेमकी आमच्या वस्तीवरच्या मारुतीच्या सप्त्यात आली. सप्त्यात सात दिवस अखंड नाम चालतं, आणि तेवढे दिवस वीणा जमिनीला टेकवायची नसते. कुणीतरी ती गळ्यात घेऊन उभंच राहायचं, मुखानं नाम घ्यायचं, दुसरं काही बोलायचं नाही. पुढचा माणूस आला की दोघं एकमेकांच्या पायाला हात लावतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. याला आम्ही पहारा म्हणतो. दिवसाचे पहारे बायकांकडे असतात.

रंगुबाईंनी काय केलं, तर मुलाखतीच्याच दिवशी सकाळचा पहारा सुनेच्या नावानं लावून घेतला. "दुपारी मुलाखत हाय. सकाळी देवाच्या दारात उभी ऱ्हाईल, आशीर्वाद ताजा ऱ्हाईल." नंदिनी हो म्हणाली. दुपारी मंडपातला भोंगाही बंद असतो, म्हणजे शांतता मिळेल, असाही हिशेब होता.

त्या दिवशी सकाळी नंदिनी वीणा घेऊन उभी होती. पारायण आटोपून बायका स्वयंपाकाला लागलेल्या, मी पुरीची कणीक तिंबत होते. रंगुबाई मंडपात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. तेवढ्यात करण धावत आला, हातात नंदिनीचा फोन.

"आगं, मुलाखतीची येळ बदलली! कुनाला तरी जायचंय म्हनं. आत्ताच बोलवत्यात!"

नंदिनीच्या तोंडातलं "रामकृष्णहरी" तुटलं नाही. तिनं नुसतं इकडंतिकडं पाहिलं. पुढचा पहारा चांगुणाचा, ती कांदे भरायला रानात गेलेली. मी कणकेचे हात पुसत उठले, तोवर रंगुबाई खुर्चीवरून निघाल्याही होत्या.

"आई, तुझे गुडघे..." करण म्हणाला.

"गप ऱ्हा."

त्या सुनेपुढं आल्या आणि वाकल्या. वीणा घेताना वाकावंच लागतं, तिथं सासू-सून नसते. पण रंगुबाईंना कुणासमोर वाकलेलं वस्तीनं कधी पाहिलं नव्हतं. एक हात खांबाला धरून त्यांनी सुनेच्या पायाला बोटं लावली. नंदिनीनं त्यांना अर्ध्यातूनच धरून उठवलं, आपणही पाया पडली, वीणा त्यांच्या गळ्यात घातली आणि डोळे पुसत घराकडे पळाली.

घर देवळाच्या पाठीमागंच, आणि भोंग्याचं तोंड थेट त्यांच्या खिडकीकडं. रंगुबाईंना ते कळत होतं, पण बोलायची सोय नव्हती. जन्मभर ज्या बाईनं जीभ आवरली नाही, ती नामाखेरीज शब्द काढत नव्हती. नुसती डोळे मोठे करून कधी माझ्याकडं, कधी भोंग्याकडं बघत होती. मला समजलं. सप्त्याचे प्रमुख आबासाहेब ओट्यावर बसले होते, त्यांना जाऊन सांगितलं.

"भोंगा बंद? सप्त्यात?" ते ताडकन उठले. मंडपात पाहिलं. वीणा घेतलेल्या रंगुबाईंनी डोळे त्यांच्यावर लावले. आबासाहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "हिला गप बगून मलाच भ्या वाटाया लागलं. बरं, नाम अखंड हाय, भोंगा काय अखंड न्हाई. काडा रं ती पिन."

भोंगा बंद झाला. टाळ हलके झाले. मंडपात रंगुबाईंचा आवाज तेवढा राहिला.

चांगुणा घामाघूम होऊन आली आणि वीणेला हात लावायला गेली, तर रंगुबाईंनी मान हलवली. सून बाहेर येईपर्यंत त्या वीणा देणार नव्हत्या. पाय थरथरत होते. मी पाठीमागं उभी राहून त्यांच्या कमरेला हात लावला. त्यांनी अंग टेकलं नाही.

आत काय झालं ते नंदिनीनं मागाहून सांगितलं. समोरच्या बाईंनी पहिलंच विचारलं, तुमच्या मागं कसला आवाज येतोय? नंदिनीनं खरं ते सांगितलं: सप्ता आहे, हा आवाज सात दिवस थांबत नाही, आणि आत्ता माझ्या जागी माझ्या सासूबाई उभ्या आहेत. मग त्यांनी त्या विश्वाच्या घरघरीवरच प्रश्न काढले. तिनं जाजमाचं सांगितलं. ते लोक हसले, म्हणाले, आता हेच गणितानं मांडून दाखवा. मध्येच तिला एक पायरी येईना. आदल्या वर्षी ती इथंच खचली होती. यंदा ती गप्प झाली तेव्हा खिडकीतून सासूचा आवाज येत होता, तेच तीन शब्द, न थकता. तिनं सांगितलं, "मला हे आत्ता येत नाही, पण वेळ दिलात तर काढते." ते म्हणाले, काढा. म्हणून मुलाखत लांबली. म्हणून रंगुबाई तेवढा वेळ उभ्या राहिल्या.

नंदिनी परत आली तेव्हा रंगुबाईंनी वीणा चांगुणाच्या गळ्यात दिली आणि खाली बसल्या, मग त्यांना करणनं आणि मी उचलूनच घरी नेलं.

काल्याच्या कीर्तनानं सप्ता उठला, तरी त्यांच्या गुडघ्यांची सूज उतरली नव्हती. रंगुबाई आडव्या पडलेल्या, नंदिनी मिठाच्या गरम पुरचुंडीनं गुडघे शेकत होती, मी लिंबाचं सरबत घेऊन गेले होते, तेव्हा फोनवर निरोप आला. तिनं वाचला, पुन्हा वाचला.

"आत्या, घेतलं मला. पुण्याला. स्टायपेंडही आहे."

"किती वर्सं?"

"पाच तरी."

रंगुबाईंनी छताकडं पाहिलं. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात गेलं. "आन् मग ह्ये गुडघं कोन शेकनार?"

नंदिनीनं पुरचुंडी खाली ठेवली. "मी नाही जात मग."

"येडी का काय! म्यां काय उगं उभी ऱ्हायले व्हय? जायाच्या आदी करनला शेकाया शिकीव. त्याला मोटारी गुंडाळता येत्यात, पुरचुंडी यायची न्हाई का?"

जायच्या दिवशी आम्ही सगळे स्टँडवर गेलो. पुण्याची एसटी लागली होती. करणनं बॅगा वर चढवल्या. नंदिनी सासूच्या पाया पडायला वाकली, आणि काय मनात आलं कोण जाणे, रंगुबाईही वाकल्या, मंडपात वाकल्या होत्या तशाच. गुडघा कटकन वाजला. दोघी अर्ध्यातच एकमेकींना धरून थांबल्या. ना खाली जाता येईना, ना वर.

कंडक्टर दारातून म्हणाला, "आजी, जायचंय कुणाला, ते तरी ठरवा."

"हिला," रंगुबाई म्हणाल्या. पण हात सोडायला त्यांना आणखी थोडा वेळ लागला.