बर्फ वितळला नव्हता

“बाप बर्फाचे गोळे विकायचा, आणि ह्याला बर्फ सांभाळता येईना!”

प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, सगळ्यांदेखत बोलले. सात-आठ विद्यार्थी हसले. एरवी मला काका म्हणणारी मुलं. वय माझं शेहेचाळीस, काम तिथल्या तंत्रज्ञाचं. मी खाली बघितलं आणि रजिस्टरात सही केली: ‘माझ्या निष्काळजीपणामुळे बर्फ वितळला. नमुना बाद.’

बर्फ वितळला नव्हता.

वडिलांची गाडी शिवाजी पेठेत तालमीच्या कोपऱ्यावर असायची. बर्फाची लादी भुशात कशी पुरायची, पोत्यात कशी आवळायची, हे मी शाळेत जायच्या आधी शिकलो. माझ्या हातून बर्फ वितळत नाही.

आमचं काम असं. गाठीसाठी कुणाच्या फुफ्फुसाचा भाग काढला, की गाठीपासून लांबचा निरोगी तुकडा रुग्णाच्या संमतीने घ्यायचा. बर्फात घालून आणायचा, गोठवायचा. त्यात कोणतं जनुक किती काम करतंय ते मोजायचं. सरांना आकडे एकसारखे हवे होते. पण निरोगी फुफ्फुसंही एकसारखी निघत नव्हती. एकच जनुक एकात जोरात चाललेलं, दुसऱ्यात जवळजवळ गप्प. जो नमुना फार वेगळा निघेल, त्याचा बर्फ रजिस्टरात वितळायचा. दोष माझा. नोकरी शाबूत. सहा वर्षं अशा सह्या केल्या. अपमान माझा झाला, हे खरं. पण त्या माणसांना मी खोडलं, हेही खरं.

मग आजऱ्याची एक मावशी आली. काजू फोडून बोटं काळी पडलेली. संमतीच्या कागदावर सही करताना तिनं विचारलं,

“चांगला तुकडा हाय न्हवं?”

“व्हय मावशी.”

“मग घ्या की. नासवू नका म्हंजे झालं.”

तपासणीत तुकडा निरोगी ठरला. आकडे मात्र वेगळे आले. सरांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

“बर्फवाले, सही.”

नमुना बिघडलेला नाही, असा मशीनचा कागद माझ्या खिशात होता. असे कागद दर वेळी निघायचे. मी ते दर वेळी फाइलच्या तळाशी घालायचो. त्या दिवशी टेबलावर ठेवला.

“सर, नमुना चांगला आहे. बाई वेगळी आहे.”

“तू मला शिकवणार? गोळे विकायला जायचंय का?”

“जाईन. सही करणार नाही.”

कुणी हसलं नाही.

मी लिहिलं: ‘नमुना चांगला. आकडे वेगळे.’ खाली सही केली. मग रजिस्टरची मागची पानं उलटली. सर ओरडत होते. प्रत्येक खोट्या सहीशेजारी लिहीत गेलो: ‘बर्फ वितळला नव्हता. मी खोटं लिहिलं.’ 

सोमवारी चौकशी आहे. तळाशी घातलेले सगळे कागद घेऊन जाणार आहे. मी दोषी आहे, हे मीच सांगणार. पण बर्फ वितळवल्याचा नाही.