तीस वॉटचं मशीन

माझा साडभाऊ गोंदियाजवळच्या मुर्रीला राहायचा. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. तोही ढोलकी वाजवायचा आणि मीही. तो त्याच्या गावच्या दंडारीत, म्हणजे नाचगाण्याच्या मेळ्यात, मी कामठ्याजवळच्या आमच्या गावच्या. आम्हा दोघांची सासुरवाडी एकच, त्यामुळे दिवाळीनंतर तिथे मंडईची जत्रा भरली की दोन्ही दंडारी एकाच दुपारी, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, एकाच आखरावर उभ्या राहायच्या. आधी एक, मग दुसरी. माझ्या दुःखाचं मूळ तिथंच होतं.

स्वातंत्र्य मिळून सातआठ वर्षं झाली असतील. त्या मंडईला साडभाऊ पहिल्यांदा लाऊडस्पीकर घेऊन आला. तोवर सगळे उघड्या हातानंच वाजवत होते, आणि उघड्या हाताच्या वाजवण्यात मी त्याच्यापेक्षा कमी नाही असं मला वाटायचं. त्या दुपारी त्याची ढोलकी तलावाच्या पलीकडच्या पाळीपर्यंत गेली. संध्याकाळी पोहे वाढताना सासूबाई मला म्हणाल्या, "मुर्रीच्या जवाईबापूची ढोलकी तं घरात बसून आयकली म्या. तुमची काही आयकू नाही आली जी."

त्यांच्या मनात काही नव्हतं. पण बायको चुलीपाशी होती आणि तिनं ते ऐकलं. मी पोह्यांची ताटली सरकवून उठलो.

वर्षभर ते वाक्य मी बाळगलं. रोवणीत चिखलात उभा असताना आठवायचं, धान कापताना आठवायचं. साडभाऊ घरी आला की मी हसून बोलायचो आणि तो गेल्यावर त्याच्या धोतराच्या काठापासून चालण्यापर्यंत सगळ्यात खोट काढायचो. बायको म्हणायची, "तो तुमचं काय घेऊन राहिला?"

पुढच्या मंडईच्या आधी आमच्या दंडारीच्या मंडळीनं मला मशीन ठरवायला गोंदियाला पाठवलं. ॲम्प्लिफायरला आम्ही मशीनच म्हणत असू. स्टेशनकडच्या रस्त्यावर भाड्यानं देणारं एक दुकान होतं. दुकानदार म्हातारा, हिंदी बोलणारा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं मला नीट बसवून विचारलं, "कितने लोग बैठेंगे? मैदान खुला है कि मंडप? और बजाना क्या है?"

ते सारं सोडून मी त्यालाच विचारलं, "मुर्रीवाल्यानं कोणतं नेलं?"

"पंद्रह वॉट का."

"मग मले तीसचं द्या. अन् भोंगे दोन."

म्हातारा हसला नाही. खेड्यातल्या आखरावर पंधरा वॉट पुरतात, असं त्यानं समजावलं. मशीन मोठं घेतलं तर बॅटरीही लवकर उतरते. मग माझ्या बोटांकडे पाहून म्हणाला, "ढोलक है ना? भोंगा ढोलक की ऊपर की आवाज फेंकेगा. नीचे की घुमक उसके बस की नहीं. उसके लिए लकड़ी के डिब्बे वाला स्पीकर लो."

कोपऱ्यात त्यानं तो डबा दाखवला. धान्याच्या पेटीसारखा चौकोनी, पुढं कापड ताणलेलं. माझ्या मनात आलं, हा जमिनीवर ठेवला तर कोणाला दिसणार? भोंगे बांबूवर चढवले की साऱ्या मंडईला दिसतील. मी तीस वॉटचं मशीन आणि दोन भोंगे ठरवून परत आलो.

मंडईच्या दिवशी मशीन आणि बॅटऱ्या तणसात गुंडाळून खासरात, म्हणजे बैलांच्या छकड्यात, घालून नेल्या. भोंगे दोन बांबूंवर, आमच्या डोक्याच्या मागं, उंच. साडभाऊ त्याच्या मंडळीसोबत बाजूला बसला होता. त्यांची पाळी आमच्यानंतर. मी त्याच्याकडे पाहून मशीनचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

आधी शिट्टी निघाली. अशी की बायकांनी कानावर हात ठेवले आणि जिलेबीच्या दुकानापाशी बांधलेला गोऱ्हा दावं तोडून पळाला. लोक हसले. मी तसंच वाजवायला घेतलं. उजव्या हाताची थाप भोंग्यातून टिनाचा डबा ठोकल्यासारखी टकटक यायला लागली आणि डाव्या हाताचा घुमारा, ज्याच्यावर दंडारीतले नाचे पाय टाकतात, तो कुठंच नव्हता. एक नाच्या पुढं गेला, दुसरा मागं राहिला. तिसरा थांबून माझ्याकडे पाहू लागला.

तेव्हा साडभाऊ उठला. साऱ्या लोकांसमोरून चालत आला, मशीनचं बटण निम्म्याहून खाली आणलं, एक भोंगा काढून टाकला, दुसरा आमच्या पुढं नेऊन लोकांकडे वळवला. "भोंग्याच्या तोंडात माईक ठेवला तं बोंबलंलच ना," असं हळूच म्हणाला. मग स्वतःच्या खासरातून लाकडी डबा उचलून आणला. गोंदियाच्या दुकानात पाहिलेला, तसाच. तार जोडली, माईक माझ्या डाव्या हाताकडे सरकवला आणि म्हणाला, "आता वाजव."

मी वाजवलं. घुमारा जमिनीतून आला. नाच्यांचे पाय जुळले, लोक पुढं सरकले. इतकं चांगलं मी त्याआधी वाजवलं नव्हतं आणि वाजवत असताना मला रडू येत होतं, रागानं. सासरे शेजाऱ्याला मोठ्यानं सांगत होते, "पाहा, मोठ्या जवायानं लहान्याले सांभाळून घेतलं." त्यापेक्षा गोऱ्ह्यानं मला तुडवलं असतं तर बरं वाटलं असतं.

बायको घरी जाताना म्हणाली, "आज लय गोड वाजली ढोलकी."

"त्याच्या डब्यातून."

"डबा त्याचा, पण हात तं तुमचेच होते ना?"

मंडई उठतानाच्या गडबडीत तो डबा आमच्याच खासरात आला होता. आठ दिवसांनी परत करायला मी मुर्रीला गेलो. साडभाऊ ओसरीत एकटाच वाजवत होता. मी अंगणाच्या कडेला थांबून ऐकलं, खोट सापडावी म्हणून. आणि सापडली. त्याचा डावा हात कच्चा होता. घुमारा उठायचा आणि मध्येच बसायचा.

त्यानं मला पाहिलं. लाजला नाही. "आयकलं?" म्हणाला. "मले तुझा डावा हात कधी जमला नाही. तुझ्या लगनापासून पाहून राहिलो. तू वाजवला की माझ्या पोटात आग पडे. म्हणून तं त्या दुकानातून हा डबा शोधून काढला, विकतच घेतला. माझं उणं त्यात भरून निघते."

मी डबा ओसरीवर ठेवला. खरं तर त्याच्या उजव्या हाताची बोटं जशी पळायची, तशी माझी कधीच पळाली नाहीत, आणि हे मला पहिल्या मंडईपासून ठाऊक होतं. ते त्याला तिथंच सांगायला हवं होतं. मी चहा प्यायलो, भाताच्या पिकाचं बोललो आणि निघालो.

घरी आल्यावर मी बायकोला मोठ्या आनंदानं सांगितलं की तुझ्या मुर्रीच्या भाटव्याचा डावा हात कच्चा आहे, त्यानंच कबूल केलं.

ती सुपात तांदूळ पाखडत होती. "मंग तुमी काय म्हटलं त्याले?"

"काही नाही."

"काऊन?"

मी ढोलकीच्या दोऱ्या आवळायला घेतल्या. तिनं सूप खाली ठेवलं, माझ्या हातांकडे पाहिलं आणि पुन्हा पाखडायला लागली.