दिगंबर सरांची लाल खूण

दिगंबर सर इंग्रजी शब्दाचा अर्थ कधी सांगत नसत. शब्दाचं कूळ तेवढं सांगत आणि अर्थ घरून आणायला लावत. 'सॉफ्ट'च्या दिवशी टेबलावर कापूस, लोणी आणि कुणाच्या तरी कोंबडीचं पिल्लूही आलं होतं. सर डोळे मिटून प्रत्येक वस्तूवरून बोट फिरवत आणि पटलं तरच वहीत त्या शब्दापुढे लाल खूण करत. डोंगरकडा गावच्या शाळेतल्या त्या दुपारी मला अजून स्वप्नासारख्या आठवतात. खिडकीतून केळीच्या बागांचं ओलं वारं येई, सरांचे डोळे मिटलेले असत आणि आम्हालाही गुंगी चढे.

एकदा 'रफ' आला. हा फार जुना शब्द, सर म्हणाले. आधी केसाळ, न कातरलेल्या लोकरीचा, पडीक रानाचा. मग तो रस्त्याला, आवाजाला, कच्च्या वहीलाही लागला.

आमच्या तांड्यावरच्या घरात आढ्याला अंबाडीच्या दोऱ्याची एक जुनी गोण टांगलेली होती. आजोबांचे आजोबा तिच्यात मीठ भरून बैलांच्या पाठीवर वाहत. शब्द ऐकताच मला तीच दिसली, पण गावातल्या पोरींसमोर ती काढायची लाज वाटली. मी सुताराकडून पॉलिश पेपरचा तुकडा मागून नेला. सरांनी बोट फिरवून तो परत माझ्या हातात दिला.

"खरखरीत हाय, पण तुझ्या घरचं न्हाई. काहून आणलंस?"

मी तुकडा मुठीत लपवला. सर रागावले नाहीत. घाई नाही, वाटेल तेव्हा आण, म्हणाले. वहीत 'रफ'पुढची जागा कोरीच राहिली.

पुढे मी आखाडा बाळापूरला इंग्रजीचीच शिक्षिका झाले. 'रफ' आला की पुस्तकातला अर्थ फळ्यावर लिहून मोकळी होई. आपण सरांशी खोटं वागलो, हे मनातून जात नव्हतं. मग कळलं की सरांची नजर गेलीय आणि मुलगा त्यांना कायमचं पुण्याला नेतोय.

त्याच दिवशी गोण उतरवली, जुनी वही शोधली आणि मिळेल त्या जीपने निघाले. सर ओसरीत ऊन खात बसले होते. मी नाव सांगून गोण त्यांच्या मांडीवर ठेवली. आता गरज नव्हती, तरी त्यांनी सवयीने डोळे मिटले. बोटं कितीतरी वेळ फिरत राहिली, शिवणीवर थांबली, पुन्हा निघाली.

"त्या दिवशी हीच आणायची व्हती ना, पोरी?"

मला रडू फुटलं. त्यांनी वही मागितली. मी ती गोणीवरच उघडून ठेवली आणि लाल पेन दिला. जागा दाखवायला हात धरू गेले, तर तो त्यांनी सोडवून घेतला. खूण शब्द ओलांडून, पानाबाहेर, थेट गोणीवर उतरली.

आता 'रफ'च्या दिवशी मी ती गोण वर्गात नेते. मुलं आधी त्या लाल रेघेवरच बोट ठेवतात.