व्हायोलेटला कोणाचा हात लागला

आमच्या वसईच्या सोसायटीत एका नियमाबद्दल ‘का’ विचारायचं नसतं. पाळीच्या दिवसांत मुलींनी कुंडीला हात लावायचा नाही, झाड जळतं. लॉबीच्या खिडकीत आफ्रिकन व्हायोलेटच्या कुंड्या आल्या आणि या नियमाचे किस्से इतके साठले, की हल्ली मैत्रिणी माझ्या आधी कुंड्यांची खुशाली विचारतात.

पहिला मान सेक्रेटरी भाऊकाकांचा. मूळचे गास गावचे, घरची केळीची वाडी. “झाड म्हटलं की ऊन पाहिजे,” म्हणत त्यांनी भर मे महिन्यात कुंड्या गच्चीवर नेल्या. संध्याकाळी पानांचे पापड.

“गौरी, खरं सांग, तू हात लावलास?”

“काका, मी आत्ता ऑफिसातून येतेय.”

“मग सकाळी लावला असशील.”

मग शेजारच्या नलूकाकू. व्हायोलेटची पानं लवदार, मखमलीसारखी. पाणी पडलं की डाग पडतात, बुडाशी साचलं की कूज धरते. बशीत पाणी ठेवायचं, मुळं खालून पितात. हे मी काकूंना दोनदा समजावलं.

“आपण अंघोळी करायच्या आणि झाडाने पारोसं राहायचं?”

रोज सकाळी तांब्याभर पाणी डोक्यावरून. डाग पडले तेव्हा दोष वरच्या मजल्यावरच्यांच्या सुनेला. “नवीन आहे, तिला पाळणं जमत नाही.”

शेवटी आईने लॉबीत मीठ-मिरच्यांनी कुंड्यांची दृष्ट काढली. मिरच्या जाळल्यावर अख्खी विंग खोकत होती. झाडांना फरक नाही.

आमच्या घरातल्या खिडकीत मात्र जांभळी फुलं कायम. नलूकाकू आईला म्हणाल्या, “तुमची पोरगी किती कडक पाळते बघा.” मी महिनाभर रोज हात लावते हे आईला माहीत आहे. तिने मान डोलावली आणि चहा टाकायला गेली.

मागच्या रविवारी काकू दारात आल्या, सोबत भाऊकाका. काकूंच्या हातात लेकीने कॅनडाला जाताना दिलेलं व्हायोलेट. खोड कुजलेलं, धड अशी दोनच पानं. ती लगेच कापून मातीत खोचली तर नवं झाड धरेल, नाहीतर संपलं.

“तूच लाव गं. लेकीने व्हिडिओ कॉलवर विचारलं तर काय दाखवू?”

मी ब्लेड पुसून आणलं. काका खाकरले. काकूंनी आवाज खाली आणला.

“आज तुला... अडचण नाही ना?”

“ते मी सांगणार नाही, काकू. आजही नाही, पुढेही नाही. हात लावू की नको, तेवढं बोला.”

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी लिफ्टकडे. कुंडी काकूंच्या हातात, ब्लेड माझ्या.