बाबांची गिरणी

काळाचौकीच्या आमच्या चाळीत समोरच्या खोलीत माझा एक मित्र राहतो. १९८२च्या गिरणी संपानंतर दहाएक वर्षांनी तो व्हिडिओ गेमच्या दुकानात लागला. तिथलं आभासी खेळाचं हेल्मेट इतकं जड होतं की लोक पाच मिनिटांत मान चोळत ते उतरवायचे. पुढे मोबाइल घालायचा पुठ्ठ्याचा डबा आला आणि आता बिनवायरचा हेडसेट. दर वेळी तो मला दाखवून म्हणायचा, "बघ, हलकं झालं रे. अजून होईल."

संपात गिरणी सुटल्यावर माझे बाबा तिच्याबद्दल माझ्याशी कधी बोलले नाहीत. त्याच्याशी मात्र गेलं वर्षभर रोज गॅलरीत बोलायचे आणि मी जवळ गेलो की गप्प व्हायचे. मला ते फार खुपायचं. ऐकलेल्या त्या गोष्टींवरून त्याने कॉम्प्युटरवर त्यांचं विणाईखातं उभं केलं आणि रविवारी हेडसेट त्यांच्या डोळ्यांवर चढवला. बाबांची बोटं हवेत तुटलेलं सूत जोडू लागली.

"झिला, हयसरच होतो माझो माग," ते समोरची जागा दाखवत मालवणीत म्हणाले.

झिला म्हणजे मुला. मी पुढे झालो, पण त्यांनी चाचपडत त्याचा हात धरला होता.